अंतरपाटाची फाईल

दोन व्हिडिओ फायलींचं एकमेकींशी पटेल की नाही, हे नाशकात माझ्या ताईच्या यजमानांइतकं कुणालाच कळत नसेल. इंदिरानगरात घराच्या पुढच्या खोलीत भाऊजी लग्नाच्या कॅसेट एडिट करत. कुणी सीडी घेऊन आलं की पाणी विचारायच्या आधी विचारत, "कोडेक कोणता?" कोडेक म्हणजे चित्रण कमी जागेत मावावं म्हणून घातलेली घडी, ती कशी घातली हे कॉम्प्युटरला ठाऊक नसेल तर उलगडत नाही. मला हे त्यांनी ताईची पैठणी कॉटवर पसरून समजावलं होतं. ताई अजून ते विसरलेली नाही. सगळे कोडेक एकदम देणाऱ्या सीड्यांना घरात बंदी होती. ते आपसांत भांडतात आणि चालणारंही बंद पाडतात, असं त्यांचं म्हणणं. पत्रिकेवर मात्र काडीचा विश्वास नव्हता. मुलीचं लग्नही पत्रिका न बघताच ठरवलं. म्हणायचे, "माणसं घेतात सांभाळून. फायली नाही घेत."

त्या लग्नातही त्यांनी कॅमेरा कुणाच्या हाती दिला नाही. माझ्या कामांच्या यादीत वधूपित्याचं नाव जिथे जिथे होतं, तिथे वधूपिता नव्हता, तो वायरींत होता. आणि नेमकी मंगलाष्टकं संपताना कॅसेट संपली. दुसरी घालेपर्यंत अंतरपाट खाली आला, गळ्यांत हार पडले. तेवढं चित्रण फक्त जावयाच्या चुलतभावाच्या खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात होतं. त्यानं सीडी पाठवली ती मुलगी-जावई मस्कतला निघायच्या दिवशी. संध्याकाळी लग्नाची सीडी त्यांच्या बॅगेत जायची होती.

भाऊजींनी फाईल उघडली. सनई वाजली, "सावधान" ऐकू आलं, पडदा काळाकुट्ट.

"बघा आता पत्रिका!" ताई म्हणाली.

"आवाज येतोय ना? म्हणजे जिवंत आहे. गप्प बसा दोघी."

दुपारपर्यंत त्यांनी घडी ओळखली. तो कॅमेरा एकेक चित्र सुट्या फोटोसारखं दाबून ठेवत होता. तेवढा एकच कोडेक मिळवून त्यांनी टाकला, फाईल आपल्या कॅसेटच्या घडीत बदलली आणि ओरडले, "उलगडली!" पडद्यावर नवरी उभी! मी टाळ्या वाजवल्या, ताईनं श्रीखंड वाढलं, शेजारचे धावत आले. भाऊजी प्रत्येकाला पहिल्यापासून दाखवत होते.

दाखवता दाखवता ते थांबले. अंतरपाट खाली आल्यावर मुलगी नवऱ्याकडे बघतच नव्हती. मान उंच करून गर्दीत शोधत होती.

"कुणाला बघतेय गं ही?"

"तुम्हाला," ताई हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही कॅसेट बदलत होतात."

असे इकडेतिकडे बघण्याचे तुकडे भाऊजी एरवी न चुकता कापून टाकत. हा त्यांनी ठेवला. वेग कमी करून, होता त्याहून लांब केला.