डब्यातली दुसरी गोळी

औषधांच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिलेल्या त्या माणसाला सगळे डिक्शनरी म्हणत. कुणी परदेशातली चिठ्ठी पुढे केली, की चष्मा कपाळावर सरकवून हा सांगणार, "एपिनेफ्रिन म्हणजे आपलं अ‍ॅड्रेनालिनच हो! माणूस एकच, घरी एका नावाने हाक मारतात, कागदावर दुसरं." एक वेळ मालकाचं नाव विसरेल, पण गोळीचं नाही, अशी त्याची ख्याती. आणि त्याचा त्याला गर्वही होता, उगाच कशाला लपवा!

चार वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला कंपवात झाला. मेंदूत डोपामिन कमी पडतंय, डॉक्टर म्हणाले. ते थेट देऊन मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून आत गेल्यावर जिचं डोपामिन बनतं ती लेव्होडोपाची गोळी. ती हा दुकानातूनच आणायचा. पण घरात दुकान नको, हा बायकोचा नियम. आठवड्याचा गोळ्यांचा डबा ती स्वतःच भरायची.

पुढे तिचे पाय मधेच जमिनीला खिळायला लागले. तो कामावर, म्हणून तिची बहीण तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आपल्याच दवाखान्यातून नव्या नावाची गोळी दिली. पाय सुटले. मात्र दोन महिन्यांत मान, खांदे, हात आपोआप वळवळायला लागले. आजार वाढला, असं सगळ्यांनी धरून चाललं. शेवटी हात इतके उडायला लागले, की डबा भरायचं काम त्याच्याकडे आलं.

त्याने दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. वर ठळक अक्षरांत वेगवेगळी नावं, खाली बारीक अक्षरांत दोन्हीकडे लेव्होडोपा. पहिली गोळी चालू आहे, हे दुसऱ्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आठ महिने बायकोच्या पोटात दुप्पट औषध जात होतं, आणि जगाला नावं समजावणारा हा शहाणा तिच्याच समोर बसून जेवत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की खुर्चीवरून उठवेना.

त्याने तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. डॉक्टरांनी दुसरी गोळी हळूहळू बंद केली आणि वळवळ थांबली. ना पाय खिळतील, ना हात उडतील, असं मधलं माप अजून शोधायचं होतं.

एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारातच खिळली. तो आत, ती चौकटीत, आणि दुकान उघडायची वेळ झालेली.

"अहो, ती दुसरी गोळी द्या."

"अगं, दोन्ही एकच आहेत."

"नाव काही का असेना. तिच्यावर मी चालत होते."

"हात उडतील परत."

"उडू देत. तुम्हाला नावं कळतात, मला पाय कळतात."

त्याने पाकीट हातात घेतलं, पुन्हा फळीवर ठेवलं. तिला पाऊल उचलता येईना, आणि तिला ढकलल्याशिवाय त्याला बाहेर पडता येईना.