ब्रेकचा रॉड

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी खोली धरली. जेवायला हाक मारली की येत, दोन घास खात, परत भिंतीकडे तोंड करून पडत. हैदराबादेतच कुकटपल्लीला आमच्या घरी आणलं तरी तेच. शेवटी मी त्यांची जुनी इंग्लिश मोटारसायकल टेम्पोत घालून आणली आणि गॅरेजमध्ये उभी केली. तिच्यावरून तीस वर्षं ते सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानात कामाला जात. सासूबाई होत्या तोवर तिची खुडबुडही चालू असायची. म्हटलं, गाडी चालली तर माणूसही चालेल.

दुसऱ्याच दिवशी ते चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पाना असा धरतात काय रे?" त्या टोमण्याने मला झालेला आनंद सांगता सोय नाही.

त्या गाडीचे पार्ट आता मिळत नाहीत. तिचं सगळं इंचात, बाजारात सगळं मिलिमीटरमध्ये. मग आम्ही घरीच घडवायला लागलो. मी पुण्याचा, कॉम्प्युटरपुढे बसून पोट भरणारा. कानस कधी हातात धरली नव्हती. एक जुनी छोटी लेथ आणली. गिअरच्या दांडीचं पितळी बुश पाचव्या खेपेला जमलं. फूटरेस्ट जाड पट्टीतून कापला आणि घासून घासून बसवला. सासरे नुसतं "और थोडा" म्हणत राहायचे. पाच महिने असे गेले. ते रोज दाढी करायला लागले, माझ्या बायकोशी भाजीवरून भांडायलाही लागले.

मागच्या ब्रेकचा रॉड तेवढा राहिला होता. पेडलपासून चाकापर्यंत जाणारी सळई, टोकाला आटे. ग्रीस पुसताना त्या आट्यांत मला गंजाची तांबूस रेघ दिसली.

"बाबा, हाही नवा करू या?"

"नक्को रे. परवाच तर नवा टाकला ना मी."

पुण्यात परवा म्हणजे परवा. फार ताणलं तर गेल्या महिन्यातला. हैदराबादेत 'परसों' म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस. लग्न परसों झालेलं असतं आणि मुलगी कॉलेजात असते. इथल्या जुन्या मराठी घरांतला परवाही तसाच. बारा वर्षं इथे काढून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ऑफिसात त्याची नक्कल करून मी लोकांना हसवायचो. पण त्या मापाचे आटे पाडायचा डाय माझ्याकडे नव्हता. तो कोठीच्या बाजारात हिंडून शोधायला हवा होता, आणि रविवारी गाडी काढायची म्हणून बायकोने नारळसुद्धा आणून ठेवला होता. तेव्हा मी सोयीस्कर पुणेरी कानांनी ऐकलं आणि पाने आवरले.

रविवारी सकाळी ते पुढे निघाले, मी स्कूटरवर मागे. काय ताठ बसले होते! उतारावर पाण्याचा टँकर थांबला होता. त्यांचा पाय पेडलवर गेलेला मी पाहिला. पेडल पार खाली गेलं आणि गाडी तशीच पुढे गेली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, या वयात कशाला हे उद्योग? तेही मान डोलवायचे. "ब्रेक उशिरा दाबला मी. पायात जोरच नाही राहिला." मग तोंड भिंतीकडे. मी बाजूला मोसंबी सोलत बसायचो. माझ्यासारखा भेकड मीच.

तुटलेला रॉड मी उचलून आणला होता. आट्यांतच तुटला होता. तुटल्या जागी बहुतेक सगळा जुना काळा गंज होता, चकाकतं लोखंड जेमतेम तिळाएवढं. विसाव्या दिवशी तो त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमचा पाय चुकला नाही, बाबा. रॉड तुटला. गंज मला दिसला होता. तुमचा परवा किती जुना असणार, तेही कळत होतं. एक रविवार वाया जाऊ नये म्हणून गप्प बसलो."

त्यांनी रॉड उचलून खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहिला. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "आता घरी जा तुम्ही. ट्रॅफिक लागेल."

लग्नापासून ते मला अहोजाहोच करत. गॅरेजमध्ये मी कधी 'तू' झालो, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता ते कुबड्या घेऊन घरभर हिंडतात, सगळ्यांशी बोलतात. जेवताना मीठ माझ्यापुढे सरकवतात आणि म्हणतात, "घ्या."