आठ तास झाकण न उघडता

घरभाड्यांविरुद्ध, लायब्ररी बंद करण्याविरुद्ध आणि दुसऱ्यांनी काय खावं हे ठरवणाऱ्या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत. इंग्लंडातल्या आमच्या स्लाऊ गावच्या हाय स्ट्रीटवर कुडकुडत वाटलीही आहेत. ‘आमचं ताट, आमचा हक्क’ ही ओळ माझी. तेव्हा रविवारी घरच्यांसाठी बीफ पॉट रोस्ट करायला मला कसली आलीय भीती!

आमच्या घरात बीफला बीफ म्हणत नाहीत. ‘मोठ्याचं’ म्हणतात, तेही आवाज लहान करून. आईच्या लहानपणी नागपूरला ते दार लावून शिजायचं, कारण घरमालकाला वास गेला की बिऱ्हाड रस्त्यावर. इथे घर आमचं, आणि सुपरमार्केटात ते उजळ माथ्याने मांडलेलं. तरी आई खिडक्या लावते. कारण शेजारी पुण्याच्या काकू राहतात, आणि या अख्ख्या गावात त्या आईच्या एकुलत्या एक मैत्रीण. सहा वर्षं दोघींमध्ये एक स्टीलचा डबा ये-जा करतोय. रिकामा कधीच नाही. डबा रिकामा परत करायचा नसतो.

“कुकरमध्ये लाव, पाच शिट्ट्यांत मोकळं,” आई म्हणाली. पण मला आठ तास मंद शिजवणारा विजेचा स्लो कुकरच हवा होता.

“आठ तास वास सुटून राहीन ना बाई!”

“सुटू दे,” मी म्हणाले. शूर लोक असंच बोलतात.

तोडगा आईने काढला. स्लो कुकर बागेतल्या शेडमध्ये, लांब वायर ओढून. शेड कुंपणाला चिकटलेली, आणि कुंपणापलीकडे काकूंची कपड्यांची दोरी. इतकी चोख गुप्तता कुणाला जमली नसती. त्यात आई दर वीस मिनिटांनी झाकण उघडायची.

“आई, झाकण उघडलं की अर्धा तास वाढतो.”

“न बघता शिजते का काही?” असं म्हणत तिने माझ्या गाजर-बटाट्यांत चमचाभर सावजी मसालाही ढकलला. गोऱ्यांच्या कृतीवर तिचा विश्वास नाही.

चार वाजता काकू डबा घेऊन दारात. “अहो वहिनी, सकाळपासून आमच्या चादरींना काय सुंदर वास येतोय! काय शिजतंय?”

आईने माझ्याकडे बघितलं. घरात पत्रकवाली मी एकटीच.

“मटण, काकू,” मी म्हणाले.

“मग घाला की याच्यात थोडं! आमचे हे उड्या मारतील.” डब्यातल्या चकल्या ताटलीत ओतून त्यांनी डबा पुढे केला. बाबांना अचानक गाडीचं तेल तपासायचं आठवलं. मी चकल्या मोजायला लागले.

आईने डबा घेतला आणि ओट्यावर ठेवला.

“हे नाही देत मी तुम्हाला. बीफ आहे ते. पोरगी खोटं बोलून राहिली. आम्ही खातो, आधीपासून खातो. पण फसवून नाही खाऊ घालणार तुम्हाला.”

काकू डब्याकडे बघत राहिल्या. “बरं,” म्हणाल्या आणि गेल्या. डबा तिथेच राहिला.

रात्री ताटात आलेलं मांस इतकं मऊ झालं होतं की चमच्यानेच तुटत होतं. मी लोकांच्या दुटप्पीपणावर भाषण सुरू केलं.

“मटण कोण म्हणालं होतं?” आईने विचारलं. भाषण संपलं. तिने दोन घासही नीट खाल्ले नाहीत.

सोमवारी तिने डबा चिवड्याने भरला आणि स्वतः जाऊन काकूंच्या दारात ठेवून आली. मग चार दिवस काही नाही. आई सारखी मागच्या दारात जायची, पाऊस येतोय का बघायला म्हणे. मी मनातल्या मनात काकूंवर दोन पत्रकं लिहून टाकली, दोन्ही जहाल.

शुक्रवारी काकू आल्या. डब्यात रव्याचे लाडू.

“आमच्या ह्यांना काही सांगितलेलं नाही हं मी,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि वहिनी, तो कुकर तेवढा शेडमधून हलवा. चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या मला.”

आई हसली. पाच दिवसांत पहिल्यांदाच.

म्हणजे आता गुपित एकाऐवजी दोन घरं सांभाळणार. केवढी ही क्रांती! काकू गेल्यावर मी हे बोलून दाखवलं, लाडू खात खात.

“मग पुढच्या रविवारी कुठे ठेवायचा कुकर?”

“स्वयंपाकघरात,” आई म्हणाली. “आणि खिडकी उघड.” मग जरा थांबून, “रस्त्याकडची.”