बाबीनने थांबवलेली होडी

बाबीन कनीलीला विचारल्याशिवाय त्या किनाऱ्यावर कुणी गवत कापायला घेत नसे, की होडी पाण्यात लोटत नसे. धुराड्यातून काजळी गळायला लागली, मांजर विस्तवाकडे पाठ करून बसलं, समुद्रपक्षी शेतात उतरले, पलीकडचे डोंगर अगदी जवळ आल्यासारखे दिसले, की वादळ येणार. हे सगळं तिला आणि धाकट्या सायवला आईने शिकवलं होतं. सायव लग्न होऊन समोरच्या बेटावर गेली. मध्ये तीन मैल पाणी.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी टपालाच्या बोटीबरोबर निरोप आला. सायवच्या छातीत कफ भरलाय, ताप उतरत नाही, बहिणीला बघायचं म्हणते.

बुधवारी सकाळी शेजारच्या फेस्टीने होडी काढली. "चल बाबीन, पाणी कसं निपचित पडलंय बघ."

बाबीनने शेताकडे पाहिलं. ते पक्ष्यांनी पांढरं झालं होतं. डोंगरांवरचे दगड मोजता येत होते.

"दुपारच्या आत वारा सुटेल. तुझी चार लेकरं आहेत, फेस्टी."

"बहीण तुझी आहे. मी तयार आहे."

"म्हणूनच सांगते. होडी वर घे."

दिवसभर ती दारात बसून राहिली. गवताचं पातं हललं नाही. फेस्टी दोनदा येऊन गेला. "अजून उजेड आहे, निघायचं का?"

"थांब," ती म्हणाली.

वादळ आलं ते गुरुवारी पहाटे. दोन दिवस त्याने छपरं उचकटली.

शनिवारी ती बेटावर पोचली, तेव्हा सायवला पुरून एक दिवस झाला होता. ती बुधवारी संध्याकाळीच गेली होती. मेहुण्याने, कोलमनने, चहा पुढे ठेवला.

"काही बोलली का रे?"

"सकाळी मांजराकडे बघून म्हणाली, आज बाबीन यायची नाही, ती कुणाचा जीव धोक्यात घालणार नाही. दार लावून घ्या."

"मग?"

"दुपारी म्हणाली, वारा तर काही आला नाही. दार उघडा, येईलही ती."

बाबीनने कप खाली ठेवला.

परत येताना फेस्टी वल्ही मारत म्हणाला, "वादळ आलंच ना. तू चुकली नाहीस."

"बुधवारी दिवसभर पाणी शांत होतं, फेस्टी," ती म्हणाली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. कुणी विचारायला आलं, तर म्हणायची, "मला नाही कळत त्यातलं." लोक हळूहळू यायचे थांबले. तिच्या स्वतःच्या गवताच्या गंजी दोनदा भिजून कुजल्या. त्या झाकायला ती बाहेर आली नाही.