सगळं माझ्या हातचं

मॉनिटरच्या डोक्यावर तळहात ठेवायचा, दोनदा थोपटायचं आणि म्हणायचं, "आतून-बाहेरून माझ्या हातचं हाय, साहेब. एक ओळ बाहेरची न्हाई." आमच्या नांदेडच्या रक्तपेढीत सॉफ्टवेअर बसवणारे सर लातूरहून आले की हे वाक्य ठरलेलं. चहा देणाऱ्या मावशींनाही त्यांनी ते ऐकवलं होतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कडक इस्त्रीचा सफारी, खिशाला तीन पेनं, आणि ज्ञान म्हणाल तर प्रिंटरची वायर काढून परत लावण्याइतकं. मी तिथं तंत्रज्ञ. पहिल्याच दिवशी ते माझ्या डोक्यात गेले.

एकदा जेवताना त्यांनी शेंगदाण्याची चटणी वाढली. "ही बी माझ्या हातची." मावशींनी सरांच्या पिशवीतून डोकावणारं दुकानाचं पाकीट माझ्याकडे बघत बाहेर काढलं. सर म्हणाले, "पाकीट रिकामं व्हतं, त्यात भरली."

मग एका सकाळी रक्तपेढीच्या मेलवर सूचना आली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो उघडणारा एक तयार भाग असतो, तो पुष्कळ सॉफ्टवेअरवाले नेटवरून फुकट उचलतात. त्यात भोक सापडलं होतं. मुद्दाम बिघडवलेला फोटो आला की तो भाग मेमरीत ठरलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती ओतायचा. पाच किलोच्या पिशवीत सात किलो तूरडाळ ओतली की उरलेली शेजारच्या पोत्यात सांडणारच. आमच्याकडे शेजारच्या पोत्यात रक्तगट होते.

त्या भागाचं नाव आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात रोज बारीक अक्षरांत झळकायचं. मी सरांना सूचना दाखवली.

"हे परक्या मालाला लागू हाय. आपल्यात परकं काय हाय?"

"आणि कोपऱ्यातलं हे नाव?"

"ती डिझाइन हाय."

एवढं बोलून बसल्यावर तो भाग बदलणार कसा? बदलायचा तर आधी तो आहे असं म्हणावं लागलं असतं.

दोन आठवड्यांनी दुसरी सूचना आली. असे फोटो आता फिरू लागलेत, तो भाग आजच्या आज काढा. ती मी एकट्यानं वाचली. सरांना दाखवली नाही, रक्तपेढीच्या सचिवांना सांगितलं नाही. मला सरांची फजिती बघायची होती. आता खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी सकाळी चिठ्ठीसारखा दिसणारा एक फोटो आला. आम्ही तो उघडला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा आला. दुपारी रक्तदात्यांच्या यादीत मला माझंच नाव दिसलं. माझा गट बी, तिथं ए. मला वाटलं, माझीच नोंद चुकली असेल. सर हिशेबाच्या टेबलाशी सचिवांसोबत चहा घेत होते. त्यांना हाक मारली.

"प्रिंटरचा प्रॉब्लेम," ते बसल्या जागेवरून म्हणाले.

"सर, सकाळपासून याच यादीवरून पिशव्यांना लेबलं लागलीत. दोन हदगावच्या दवाखान्यात गेल्या. बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबत नाही."

सर कप टाकून उठले. "फोन लावा. आत्ता लावा! सगळीच लेबलं खोटी धरा. त्यो फोटोचा भाग माझा न्हाई. नेटवरनं उचललेला हाय." सचिवांसमोर, मावशींसमोर, सगळ्यांसमोर. मग माझ्या हातातला फोन ओढून ते हदगावच्या डॉक्टरांवर ओरडले, "पिशवी लावू नका! लेबल बघू नका, रक्त बघा!"

तिकडे घाईत पिशवी स्टँडला लटकलीसुद्धा होती. तपासलं तर ती चुकीची निघाली. दुसरी बरोबर होती, ती लावली. बाई वाचली. सगळीच लेबलं खोटी धरायचं मला सुचलं नव्हतं; मी एकटा असतो तर माझी नोंद दुरुस्त करून जेवायला गेलो असतो.

नंतर बैठक झाली. सचिवांनी दुसऱ्या सूचनेचा कागद पुढे सरकवला. "ही कुणी पाहिली होती?"

मी चष्मा पुसत होतो. सर तो कागद आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी तो शांतपणे वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यांनी दाखवली व्हती मला. मीच म्हणलो, बघू." खोटं बोलायचा सराव दांडगा. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

त्यांचं काम त्याच दिवशी बंद झालं, मग बाकीच्या ठिकाणचंही. लातूरचं ऑफिस त्यांनी आवरलं. मुलीकडे हैदराबादला असतात म्हणे. मला मात्र सावध कर्मचारी म्हणून शाल मिळाली. मी ती घेतली, फोटोलाही उभा राहिलो.

त्या माणसावर आता मला हसता येत नाही, याचाही मला राग येतो. सचिवांची खोली माझ्या टेबलापासून बारा पावलांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.