काकूंचा फोल्डर

भिंतीतला प्लग काढताना मला अजून स्कारबरोचे घरमालक काका आठवतात. कॉलेजला असताना मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. नुकत्याच गेलेल्या काकूंचे फोटो वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होते. काकांना ते किचनमध्ये, आल्याच्या चहाबरोबर लॅपटॉपवर बघायचे असत. त्या फोटोंचा फोल्डर मीच घरच्या वायफायवरून लॅपटॉपला शेअर करून दिला होता, पण लॅपटॉपवर काही दिसेना. आठवडाभर मी सेटिंग्ज उलटसुलट करत बसले. शेवटी वर गेले, तर कॉम्प्युटरचा प्लगच काढलेला! “अगं, रिकाम्या खोलीत कशाला चालू ठेवायचा? ही ओरडायची,” काका ओशाळून म्हणाले. प्लग लावून, कॉम्प्युटर चालू करून खाली आले, तर लॅपटॉपवर काकू हसत होत्या. पुढे तो कॉम्प्युटर कधी बंद दिसलाच नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, “आता खोली रिकामी कुठंय?”