हुग्गी नावाचं लग्न

निपाणीच्या बाजारात "ओ पाटील" म्हणून हाक मारली, तर निम्मा बाजार वळून बघतो. धनपालच्या घरी तर गिऱ्हाइकं सगळी पाटीलच. तो कॅमेरा घेऊन मांडवात जायचा आणि त्याची बायको राजश्री घरच्या पुढल्या खोलीत, कंप्युटरवर त्या चित्रणाची कापाकापी करून, गाणी लावून लग्नाचा पिक्चर बनवायची. सुरवातीला तिनं फोल्डरला नाव दिलं 'पाटील'. मग 'पाटील नवे'. मग 'पाटील नवे दुसरे'. एकदा एका पाटलाच्या वरातीत भलत्याच पाटलाचा व्याही नाचला, तेव्हा तिनं कानाला खडा लावला.

तेव्हापासून नवरा कार्यावरून आला, की कॅमेऱ्याचं कार्ड हातात घेत ती आधी विचारायची, "जेवणात गोड काय हुतं?"

"शेंगापोळी."

झालं. त्या लग्नाच्या फोल्डरचं नाव शेंगापोळी. दोन लग्नांत जिलेबी आली, तर एक 'मठ्ठ्याची जिलेबी', दुसरी 'बिनमठ्ठ्याची'. राजश्रीचा घोळ कधी झाला नाही. धनपालला आपलं वाटायचं, बायकोला खाण्याचा लई नाद. तो कंप्युटरला हात लावायचा नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

मग घरात दिव्या आली. धाकट्या दिराची, जिनेंद्रची बायको, बेळगावची, कंप्युटरची पदवी घेतलेली. ती बोटांकडं न बघता टाईप करायची. राजश्रीला सगळ्यात जास्त खुपलं ते हे. स्वतः ती एका बोटानं, कोंबडी दाणे टिपते तशी अक्षरं टिपायची. दिव्यानं पिक्चरचे खुलवलेले रंग बघून गिऱ्हाईक "वा" म्हणालं, की राजश्रीला घास गोड लागायचा नाही. दिव्या मन लावून स्वैपाकाला मदत करायची, "आक्का, आक्का" करत मागं यायची, त्याचाही राग यायचा. निदान उर्मट तरी असायची बया, मग भांडायला सोपं गेलं असतं.

"बघ, हात कसा चालतोय तिचा," धनपाल एकदा म्हणाला.

"चुलीवर बी चालतोय का बघा," राजश्री म्हणाली. तो चालत होता, हेच तर दुखणं होतं.

आणि मग एका दुपारी जेवता जेवता धनपालनं सांगून टाकलं, "पुढच्या आठवड्यात नवा कंप्युटर येतोय. त्याच्यावर दिव्याच बसंल. तू आता अल्बमचं बघ."

अल्बमचं बघ म्हणजे फोटो चिकटवत बस. राजश्रीनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. ती खुर्ची सोडून या घरात तिचं म्हणावं असं होतंच काय?

नवा कंप्युटर येणार म्हणून दिव्यानं जुन्याची साफसफाई काढली. आणि त्याच दिवसांत येळ्ळूरच्या सुनंदाताई पाटील लेकीच्या लग्नाचा पिक्चर बघायला आल्या. दिव्यानं प्रोजेक्टची फाईल उघडली, तर पडदा लालभडक. नवरी नाही, नवरा नाही, भटजी नाही.

"अवं, माझ्या लेकीचं लगीन कुठं गेलं?" सुनंदाताई खुर्चीतनं अर्ध्या उठल्या.

"दिव्या, काय केलंस हे?" धनपालचा आवाज चढला.

"अण्णा, लग्नाच्या कशाला हातच लावला नाही मी. आक्कांचे रेसिपीचे व्हिडिओ होते, हुग्गी, मांडे असे, ते तेवढे जुन्या डिस्कवर हलवले."

"कसल्या रेसिपी? ती कवा करायला लागली?"

"हुग्गी आमच्यात बी हुती की जेवणाला, गव्हाची खीर," सुनंदाताई मध्येच म्हणाल्या. "लई झकास झालती."

दारात उभ्या राजश्रीला लख्ख कळलं. प्रोजेक्टच्या फायलीत चित्रण नसतंच. कुठलं चित्र कुठं ठेवलंय, त्याचा नुसता पत्ता असतो. सामान दुसरीकडं हलवलं, की पत्ता फुकट आणि पडदा लाल. दिव्यानं रेसिपी समजून सुनंदाताईंच्या लेकीचं लग्नच उचलून नेलं होतं. राजश्री एक वाक्य बोलली असती तर मिटलं असतं. ती चहा ठेवायला आत गेली.

आत तिनं आलं ठेचलं, साखर घातली, आणि धनपालचं बोलणं कान देऊन ऐकत राहिली. "पदवी काय चाटायची हाय?" असं तो म्हणाला, तेव्हा राजश्रीला जिवात जीव आल्यागत झालं. दिव्याच्या बाजूनं नुसती माऊसची टिकटिक येत होती.

"अगं, तू तर बघ जरा!" धनपालनं हाक मारली. तिनं ती ऐकलीच नाही. दुसरी मारली, तेव्हा पदराला हात पुसत आली. दिव्या खुर्चीतनं उठली आणि बाजूला झाली.

राजश्री बसली. पडद्यावर हरवलेल्या फायलींची खिडकी उघडी होती आणि तिच्यात जुना पत्ता स्वच्छ दिसत होता: हुग्गी. शेजारी जुनी डिस्क जोडलेली. डिस्कवरचं हुग्गीचं फोल्डरही शोधून ठेवलेलं. फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं.

राजश्रीनं वळून बघितलं. दिव्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

राजश्रीनं बटण दाबलं. एकेक करत लाल चौकोन भरत गेले. हळद, मांडव, अक्षता, रडणारी करवली.

"बाईच्या हाताला गुण हाय बघा!" सुनंदाताईंनी डोळ्याला पदर लावला.

"नवा कंप्युटर हिच्याच म्होरं ठेवायचा," धनपाल म्हणाला. "ठरलं."

गिऱ्हाईक गेल्यावर राजश्रीनं दिव्याला स्वैपाकघरात गाठलं.

"तुला घावलं हुतं नव्हं?"

"काय, आक्का?"

"माझ्यासंगं सोंग करू नगंस."

"घावलं होतं."

"मग दाबलं का न्हाईस?"

"दाबलं असतं, तर काय झालतं ते सांगायला लागलं असतं. त्यांच्या लेकीच्या लग्नाचं नाव हुग्गी आहे, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगू? आणि अण्णा तुम्हाला आयुष्यभर हसले असते."

राजश्रीचा पुन्हा भडका उडाला, आधीच्यापेक्षा मोठा. बोटं हिची, पदवी हिची, आणि आता चांगुलपणाही हिचाच? मग आपल्या वाट्याला राहिलं काय? तर चहाच्या आधणापाशी कान लावून मिळालेली एक खुर्ची.

आठवड्यानं नवा कंप्युटर आला. राजश्री त्याच्यासमोर बसली. मागं दिव्या उभी, हाताची घडी घालून. राजश्रीचं एक बोट अक्षर शोधत अडखळलं. मान न वळवताही मागची नजर मानेवर जाणवत होती. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा चुकलं.

"मागं उभी राहू नगंस," ती शेवटी करवादली. "ती दुसरी खुर्ची वड आणि बस हितं, माझ्या डोळ्यांम्होरं. बोटांकडं न बघता कसं करतीस, ते बघू तर दे मला."